उलटा नाला

टेकडीवरच्या चौकीला काडतुसं पोचवायची होती, आणि तीही सूर्य बुडायच्या आत! नाहीतर टेकडी जपान्यांची. १९४४ साल होतं. ब्रह्मदेशातल्या आराकानच्या रणांगणावर पलटण नुकतीच येऊन उतरली होती. जपानी माणूस अजून कुणाला नीट दिसलासुद्धा नव्हता, पण दुधरामची छाती मात्र आधीच फुगलेली!

दुधराम गोंदियाकडचा, बोदलकशाच्या तलावावर मासे धरणाऱ्या ढीमराचा पोरगा. तलावात बांबू बुडवून तो म्हणाला, "औंदा पानी पुरते," की पाळीवरचे, तलावाच्या बांधावरचे, म्हातारेही मान डोलवत. पलटणीतही त्याची तीच टिमकी. "पानी म्हंजे आपला घरचा बैल गा! कान धरला का चालते."

सोबत दोघे. हवालदार केवलराम गोंदिया शहराचे, निम्मं हिंदी बोलणारे. आणि बकाराम बिरसी गावचा. धान रोवताना दिवसभर चिखलात उभा राहील, पण पोहता अजिबात येत नसे.

टेकडीकडे दोन वाटा होत्या. एक डोंगराच्या कडेनं, लांब आणि काटेरी. दुसरी म्हणजे समोरचा नाला: कोरडा, वाळूचा, सरळ पायथ्याशी नेणारा. केवलराम काठाशी थबकले. नाल्याच्या भिंती छातीइतक्या उंचीपर्यंत ओल्या होत्या.

"ये गीला काऊन आहे बे, दुधराम?"

"दव असंन, हवालदारसाहेब. पानी येते वरून. वर ढगाचा तुकडा नाही, मंग येईन कोठून?"

"आन हे एवढे खेकडे?" बकाराम पुटपुटला.

"तुह्या सासऱ्यानं धाडले! चाल गुमान."

पाण्याच्या बाबतीत दुधरामचा शब्द शेवटचा. हवालदारांनी मान डोलवली, आणि तिघं नाल्यात उतरले.

अर्धी वाट सरली आणि वरून आवाज आले. अनोळखी भाषा! तिघं झटकन कडेच्या मुळांखाली शिरले. काडतुसांच्या दोन्ही पेट्या पायाशी ठेवल्या. वर जपानी तुकडी चक्क विसाव्याला बसली. कुणीतरी खोकलं. कुणीतरी हसलं.

इतक्यात दुधरामच्या बोटांना गार लागलं.

पाणी! एक वाळलं पान तरंगत आलं आणि त्याच्या गुडघ्याजवळून पुढे गेलं. टेकडीकडे. चढाकडे! नाला उलटा वाहत होता! दुधरामनं पूर पाहिले होते, फुटलेली पाळ पाहिली होती, पण हे? त्यानं ओठ चाटले. खारट! इकडे येताना जहाजावर एक खलाशी समुद्राच्या भरतीचं सांगत होता, तेव्हा हाच दुधराम मोठ्यांदा हसला होता. आता कानाच्या पाळ्या तापल्या. भीतीनं नाही, लाजेनं.

कंबर. छाती. हलायची सोय नाही! हवालदारांनी चौकीसाठी आणलेलं औषधांचं गाठोडं डोक्यावर धरलं. दुधरामचा एक हात मुळाला, दुसरा पेट्यांच्या दोराला. आणि बकारामचा पाय सरकला! ओरडला नाही बिचारा. नुसते डोळे मोठे झाले, आणि डोकं खाली गेलं.

दुधरामनं दोर सोडला.

बकारामची मानगूट हाती आली. पेट्या गेल्या. पाण्याखाली, चिखलात, एक बुडबुडासुद्धा न काढता.

जपानी उठून गेले तेव्हा पाणी गळ्याशी होतं. ते ओसरल्यावर पेट्या शोधाव्यात, तर तोवर चौकीच उरली नसती. तिघं काट्यांतून अंग ओरबाडून घेत वर चढले. चौकीचा नाईक रामलाल खांद्याला फडकं बांधून बसला होता. तो घाईघाईनं उठला.

"आणली काडतुसं?"

"नाल्यानं दगा दिला," हवालदार म्हणाले.

"नाल्यानं नाही," दुधराम म्हणाला. "म्या."

टेकडी सोडावी लागली. जखमींना पाठीवर घेऊन सगळे त्याच लांब, काटेरी वाटेनं परतले. सगळे जिवंत! पलटणीनं पाठ थोपटली. ती थाप दुधरामला काट्यांहून जास्त बोचली. बकारामनं हळूच विचारलं, "काऊन गा, बैलानं कान सोडवला?" दुधरामला हसू आलं नाही. पुढे तीच टेकडी परत घेताना दुसऱ्या पलटणीची पोरं पडली. त्यांची नावंही त्याला माहीत नव्हती.

लढाई संपल्यावर तो सुट्टीवर बोदलकशाला आला. आई, जमुनाबाई, त्याला मिरवत पाळीवर घेऊन गेली. लोकांनी बांबू पुढे केला. "सांग गा शिपाया, औंदा पानी पुरते का?"

दुधरामनं बांबू घेतला, पण बुडवला नाही. पाण्याच्या कडेला खुणेची एक काडी रोवली आणि तिच्याजवळ उकिडवा बसला.

"हे काय करून राहिला रे?" आईनं विचारलं. "आभाळ तं कोरडं हाय!"

"तवाबी कोरडंच होतं, माय," तो म्हणाला. काडीवरची नजर त्यानं काढली नाही.