आठवे सर

जुलैची सुट्टी लागली आणि मुदस्सिरच्या नशिबी आठ मास्तर आले.

श्रीनगरच्या एका शाळेतले आठ शिक्षक सात दिवसांसाठी डोंगरात निघाले होते. त्यांचं सामान वाहणारे घोडे इन्शाच्या अब्बांचे, म्हणजे सनाउल्लांचे. घोड्यांबरोबर इन्शा निघाली आणि इन्शा निघाली म्हणून तिचा चुलतभाऊ मुदस्सिरही निघाला. ती बारा वर्षांची, तो तेरा.

"शाळेत एकच सर असतात, तेव्हा मी मागच्या बाकावर बसतो," घोड्याचा दोर ओढत मुदस्सिर म्हणाला. "इथे आठ आहेत आणि बाकच नाहीत."

आज चौथा दिवस होता. सकाळी गडसरचा तळ उठला होता. घोडे वरच्या वाटेने जात, माणसं खालच्या वाटेने ओढा ओलांडून जात आणि दोन्ही वाटा पुढच्या तळावर भेटत. घोड्यांबरोबर दोघं मुलं आणि स्वयंपाकी सुभान काका होते. अब्बा खालच्या वाटेवर होते. ओढ्याचं पाणी बर्फाचं, गुडघ्यापर्यंत यायचं. त्यात उभं राहून प्रत्येक पाहुण्याला हात देऊन पलीकडे काढायचं, हे त्यांचं काम.

आठांपैकी सात जण अजून नोकरीत होते. आठवे मखदूमी सर सात वर्षांपूर्वीच निवृत्त झालेले. ते गणित शिकवत. बाकीचे त्यांना आग्रह करून बरोबर घेऊन आले होते. ते हळू चालत आणि चालताना मुलांना हिशेब घालत. एका घोड्यावर चाळीस किलो, तर एकेका नालेवर किती, असले. मुदस्सिर त्यांना दिसला की घोड्याच्या पलीकडून चालायचा. इन्शाला मात्र ते आवडत. उत्तर चुकलं तरी ते "जवळपास आलीस" म्हणत. काल त्यांचा गुडघा दुखला म्हणून ते वरच्या वाटेने घोड्यावर बसून आले होते. आज पहाटे त्यांनी घोडा नको म्हणून सांगितलं. चालणार म्हणाले, तेव्हा अब्बा ओढ्याकडे निघून गेले होते.

घोडे तळावर पोचले. तंबू लागले. एकच्या सुमाराला या सफरीचे प्रमुख शौकत साहेब तिघा तरुण शिक्षकांना घेऊन आले आणि आल्या आल्या बूट काढून गवतावर पसरले. सगळ्यात पुढे चालायची त्यांना हौस होती. मागे कोण राहिलं हे बघायला त्यांनी कधी माणूस ठेवला नव्हता.

इन्शा त्यांच्या जवळच राजमा निवडत बसली होती. अर्ध्या तासाने त्यांच्या कमरेचा वायरलेस खरखरला. आवाज अब्बांचा होता. खरखरीतून दोनच शब्द नीट आले, "सात सर."

"ठीक आहे," शौकत साहेब डोळे न उघडता म्हणाले. "तू आता गडसरला परत जा. तिथे मागे ठेवलेला तो लंगडणारा घोडा संध्याकाळपर्यंत घेऊन ये."

मग आणखी चौघं शिक्षक ओल्या विजारी झटकत आले. सगळे जेवायच्या तंबूत शिरले. सुभान काकांनी भात आणि राजमा वाढला. मखदूमी सर जेवायला आले नाहीत, तेव्हा कुणीतरी म्हणालं, दुपारी आडवं व्हायची सवय आहे त्यांना, झोपले असतील. काकांनी एक ताट भरून इन्शाच्या हातात दिलं.

ती त्यांच्या तंबूपाशी गेली. हाक मारली. उत्तर नाही. तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. तंबूच्या दाराशी बूट नव्हते. बूट घालून तंबूत जाणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. तिने दाराची चेन जरा खाली ओढली. आत त्यांची वळकटी सकाळी घोड्यावर बांधली तशीच बांधलेली पडली होती.

ती ताट घेऊनच शौकत साहेबांकडे गेली. ते पत्ते पिसत होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पत्ते खाली ठेवले नाहीत. इथेच कुठे फोटो काढत असतील, म्हणाले. इन्शा हलली नाही, तेव्हा ते वैतागले.

"अगं, तुझ्या बापानेच कळवलंय ना? तूही ऐकलंस. सातसर. म्हणजे सगळे सातसरला पोचले. जा, ताट झाकून ठेव."

इन्शा बाहेर आली. मुदस्सिर घोड्यांना मीठ चाटवत होता.

"ते बरोबरच सांगतायत," तो म्हणाला. "या जागेचं नावच सातसर आहे. सात तळी, म्हणून सातसर. नकाशावर लिहिलंय."

"नकाशावर लिहिलंय," इन्शा म्हणाली.

अब्बांनी नकाशा कधी पाहिलाच नव्हता. घोडेवाल्यांच्या तोंडी या तळाचं नाव वेगळंच होतं, मैंगनदोब. आजोबाही तेच म्हणत. सातसर हे शहरातून येणाऱ्या पाहुण्यांचं नाव. अब्बांच्या तोंडून ते तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

"मुदस्सिर, अब्बांनी जागेचं नाव घेतलंच नाही," ती म्हणाली. "त्यांनी माणसं मोजली. सात सर. सात जण ओढा ओलांडून गेले. आठवे आलेच नाहीत."

मुदस्सिरच्या हातातलं मीठ घोड्याने संपवलं आणि त्याचा हात चाटायला सुरुवात केली, तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

"मग सनाउल्ला काका परत कसे गेले? आठव्यासाठी थांबायला नको?"

"साहेब ठीक आहे म्हणाले ना. अब्बांना वाटलं असेल, सर कालच्यासारखे घोड्यावरून आले. साहेबांना वाटलं, सगळे पोचले. दोघंही बरोबर आणि सर कुठेच नाहीत."

त्यांनी शौकत साहेबांनी बाहेर गवतावर काढून ठेवलेला वायरलेस उचलून अब्बांना हाक मारून पाहिली. नुसती खरखर आली. अब्बा डोंगराच्या धारेपलीकडे उतरले होते. वर पाहिलं तर ढग धारेवर येऊन टेकले होते. रोज चारला ते खाली येत आणि मग दहा पावलांवरचा घोडाही दिसत नसे. आता पावणेतीन वाजले होते.

पुन्हा शौकत साहेबांकडे जाण्यात अर्थ नव्हता. ते तिसऱ्यांदा पत्ते वाटत होते. मुदस्सिर म्हणाला की आपणच शोधायला जाऊ. इन्शा नाही म्हणाली. न सांगता गेलो तर एकाचे तीन हरवतील.

"मग मास्तरांना कोण हलवणार? जेवलेत ते."

इन्शाने थोडा विचार केला. मग तिने स्वयंपाकाच्या तंबूतून मोठी पितळी थाळी आणि डाव आणला आणि मुदस्सिरच्या हातात दिला. कसं वाजवायचं ते सांगावं लागलं नाही. शाळेची घंटा त्याच्याइतक्या आतुरतेने कुणीच ऐकली नसेल.

ठण ठण ठण ठण. पूर्ण कुरण दणाणलं.

जेवायच्या तंबूतून सातही शिक्षक बाहेर आले. वर्षानुवर्षांची सवय पायात होती. घंटा झाली की उठायचं. गवतावर आल्यावर त्यांना हसू फुटलं. समोर इन्शा पाठ ताठ करून उभी होती. हातात सामानाची यादी होती आणि तिच्यावर आठांची नावं होती.

"हजेरी," ती म्हणाली. "अंद्राबी सर."

"हजर, बाईसाहेब," उंच अंद्राबी सर हसत म्हणाले. शौकत साहेब तंबूच्या दारात येऊन हा काय तमाशा म्हणून विचारू लागले, पण शिक्षकांना मजा वाटत होती. एकेकाचं नाव येई, एकेक जण हात वर करी. एकाने तर एका पायावर उभं राहून दाखवलं. सात नावं झाली.

"मखदूमी सर."

एकही हात वर झाला नाही. तिने परत नाव घेतलं. अंद्राबी सरांचं हसू आधी मावळलं. त्यांनी मागून आलेल्या चौघांकडे पाहिलं.

"ते तुमच्याबरोबर होते ना?"

"आमच्याबरोबर? ते तर तुमच्या मागोमाग पुढे गेले होते."

इन्शाने मग सगळं सांगितलं. बूट, वळकटी आणि अब्बांचे दोन शब्द. शौकत साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते बुटांच्या नाड्या न बांधताच चौघा शिक्षकांना घेऊन ओढ्याकडे पळत सुटले. दोघं उरले, त्यांनी तळावर थांबावं असं ठरलं. अंद्राबी सर सुभान काकांबरोबर एका घोड्यावर खोगीर चढवू लागले. पण घोडा कुठल्या बाजूला न्यायचा?

त्याच वेळी गुलनाज दुधाची बरणी घेऊन आली. बक्करवालांची ही अकरा वर्षांची मुलगी. तिचं कुटुंब दर उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन इथे वर येऊन राहायचं. त्यांचा दगडामातीचा कोठा ओढ्याच्या पलीकडे, गडसरच्या बाजूला, खालच्या वाटेला लागून होता. काय झालं ते कळल्यावर तिने बरणी खाली ठेवली.

"पांढरी दाढी? काठीला लाल दोरी?" तिने विचारलं. "ते आमच्याकडे येऊन गेले. दादीने त्यांना मक्याची भाकरी दिली. त्यांनी वाट विचारलीच नाही. यंदा किती तळ्यांत पाणी आहे, एवढंच विचारलं. दादी म्हणाली, वर जाऊन बघा. मी दूध काढत होते, मला वाटलं गंमत करतायत."

वर म्हणजे कुठे ते तिला ठाऊक होतं. सर्वांत वरचं तळं खडकांच्या मागे लपलेलं होतं. तिकडे मेंढ्याच जात.

सुभान काका, अंद्राबी सर, घोडा आणि तीन मुलं निघाली. गुलनाज पुढे. वाट अशी नव्हतीच, मेंढ्यांच्या खुरांनी पडलेल्या रेघा होत्या. पहिलं तळं गेलं, दुसरं गेलं. चौथ्यापाशी ढग खाली आले. आता पुढच्याची पाठ तेवढी दिसत होती. मुदस्सिर जीव तोडून हाका मारत होता. "सर! ओ सर!"

"तू सारखा ओरडतोयस, तर त्यांचं ऐकू कसं येणार?" गुलनाज म्हणाली.

मुदस्सिर गप्प झाला. सगळेच थांबले. घोडासुद्धा. इन्शाला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. एवढ्या गारठ्यात म्हातारा माणूस किती वेळ बसून राहू शकतो, हा हिशेब तिला करायचा नव्हता, पण डोक्यात तोच चालला होता.

मग डावीकडून आवाज आला. टक. टक. टक. दगडावर दगड.

मखदूमी सर एका मोठ्या खडकाच्या आडोशाला बसले होते. पाय लांब केलेला, घोटा सुजलेला, ओठ निळे पडलेले. दोन दगड हातात होते. ढग उतरल्यावर हलायचं नाही एवढं भान त्यांनी ठेवलं होतं. अंद्राबी सरांनी अंगातलं जाकीट काढून त्यांच्यावर घातलं आणि मान दुसरीकडे वळवून डोळे पुसले. काकांनी थर्मासमधला चहा पाजला. इन्शा त्यांचे हात चोळत बसली.

ओठांवर रंग परतल्यावर सर सगळ्यांकडे न बघता इन्शाकडे बघून बोलले.

"माझी बायको वांगत गावची. लहानपणी बापाबरोबर मेंढ्या घेऊन इथे आली होती. सात तळी मोजली, म्हणायची. मी पुस्तकात वाचलेलं, उन्हाळ्यात पाचच उरतात, फार तर सहा. तीस वर्षं मी तिला चुकीची ठरवली. गणिताचा मास्तर ना मी." ते थांबले. "चिल्ले कलानच्या कडाक्याच्या थंडीत, पहिल्याच आठवड्यात ती गेली. आता घरात वाद घालायला कुणी नाही. म्हटलं, एकदा मोजून यावं. बाकीचे हसतील म्हणून सांगितलं नाही. ते चुकलं माझं."

"मग किती भरली?" मुदस्सिरने विचारलं. इन्शाने त्याला कोपर मारलं.

सरांनी काठीने खडकाच्या पलीकडे दाखवलं. ढगाखाली काळसर पाणी होतं. चार घोडे एकदम पाणी प्यायला उतरले तर भरून जावं, एवढंच.

मुदस्सिरने तोंड उघडलं. हे तर डबकं आहे, असं त्याच्या ओठांवर आलेलं इन्शाला स्पष्ट दिसलं. पण त्याने पाण्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "सात."

"सात," सर म्हणाले.

त्यांना घोड्यावर बसवून सगळे जपून खाली उतरले. वाटेत गुलनाजच्या दादीने कोठ्यातून बाहेर येऊन सरांचा सुजलेला घोटा गरम तेलाने चोळून बांधला आणि तिन्ही मुलांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. तुमची इडापिडा माझ्यावर येवो, म्हणाली.

तळावर पोचले तेव्हा उजेड होता. शौकत साहेब भिजून परतले होते. त्यांनी कुणाला काही सांगण्याआधी सरांची माफी मागितली आणि मग सगळ्यांसमोर इन्शाची. उद्यापासून मी सगळ्यात मागून चालणार, म्हणाले. मुदस्सिरने हळूच विचारलं, मग पुढे कोण? त्यावर शिक्षक कितीतरी वेळाने पहिल्यांदा हसले.

लंगडा घोडा घेऊन अब्बा आले तेव्हा त्यांना सगळं एकदमच ऐकावं लागलं. ते फार बोलणारे नव्हते. घोड्याची दोरी त्यांनी खुंटीला बांधली. चूक माझीही आहे, म्हणाले, मी पुढचं एक वाक्य बोलायला हवं होतं. मग ते आत गेले आणि त्यांनी स्वतः मिठाचा चहा उकळायला ठेवला.

चहा गुलाबी झाला. सगळे गोल बसले. पहिला पेला वयाने सगळ्यात मोठ्या माणसाला, हे ठरलेलं असतं. त्याने घोट घेईपर्यंत कुणी पेल्याला हात लावत नाही. अब्बांनी पेला भरून दोन्ही हातांनी मखदूमी सरांपुढे धरला.

सरांनी तो घेतला आणि शेजारी बसलेल्या इन्शाच्या हातात दिला.

इन्शाने घाबरून अब्बांकडे पाहिलं. हे असं कधी झालं नव्हतं. अब्बा किटलीकडे बघत होते, पण त्यांची मान होकारार्थी हलली.

"ज्याने उशीर केला, त्याने थांबावं," सर म्हणाले. "घे, मुली."

पेला फार गरम होता. सात शिक्षक, शौकत साहेब, सुभान काका, अब्बा आणि मखदूमी सर, सगळे तिच्याकडे बघत थांबले होते.

"फुंकर मार आणि पी की लवकर," मुदस्सिर कुजबुजला. "आमच्या घशाला कोरड पडलीय."