घरात भिंती किती?

"घरात भिंती किती?" त्याने विचारलं.

"मी हेडफोन घ्यायला आलेय, घर विकायला नाही," मी म्हटलं.

काउंटरपलीकडचा तो खळखळून हसला. चष्मा कपाळावर, हातात बारीक स्क्रूड्रायव्हर. नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून मी त्याच्या दुकानात शिरले होते, एवढंच.

माझं काम ऐकण्याचं. अंध वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड होतात, ती बाहेर जाण्याआधी शेवटचं मी ऐकते. कुठे वाक्य दोनदा आलंय, कुठे खोकला, कुठे आवाज तुटलाय... पाच वर्षांत माझ्या कानातून एकही चूक निसटली नव्हती, आणि याचा मला अभिमान होता. थोडा जास्तच म्हणा. पण आईचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि मी कॉम्प्युटर, स्वयंपाकघर, मागची खोली अशी धावू लागले. हेडफोनच्या वायरने दोनदा लॅपटॉप खाली ओढला.

"ब्लूटूथचा आवाज दोन भिंतींनंतर अडखळतो," तो म्हणाला. "हा घ्या. याचा छोटा स्टँड कॉम्प्युटरला जोडायचा, घरभर पोचतो. कानही पूर्ण बंद होत नाहीत, आईंची हाक ऐकू येईल."

स्टँडवरचा तो काळा, जाडजूड प्रकार पाहून मी नाक मुरडलं. "मला तो हवाय." नाजूक, चंदेरी, ब्लूटूथवाला, बाहेरचा सगळा आवाज बंद करणारा.

"तो तुम्हाला उपयोगाचा नाही."

"माझ्या कानांचं मला कळतं."

त्याने खोका पुढे सरकवला. "पटला नाही तर परत आणा... रागावून आणलात तरी चालेल."

तीन दिवसांनी ऑफिसातून फोन आला. सातव्या प्रकरणात एका जागी आवाज तुटला होता. मला ते तुटणं ऐकू आलं होतं! पण तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि हेडफोनच अडखळला असं समजून पुढे गेले होते. पाच वर्षांतली पहिली चूक. वर आई दहा मिनिटं हाका मारत होती, ते वेगळंच.

मान ताठ ठेवून मी दुकानात गेले. "तुमचं बरोबर होतं," एका दमात सांगून टाकलं. म्हटलं, आता हा तोरा मिरवणार.

पण तो म्हणाला, "पाच वर्षांत एकच? मी दुरुस्त करून दिलेलं रोज काहीतरी परत येतं." आणि मग, चष्म्याशी चाळा करत, "मी... तो काळा घरी येऊन लावून देऊ? दुकान बंद केल्यावर?"

संध्याकाळी तो आला. आधी आईच्या पायाची चौकशी, मग स्टँडची जोडणी. कॉम्प्युटरचा माइक स्वतःसमोर ओढून म्हणाला, "मी बोलत राहतो, तुम्ही चालत राहा."

स्वयंपाकघर. "ऐकू येतंय?" "येतंय!" मी ओरडले. मागची खोली. "आता?" "हो!"

"अगं, हा एकटाच काय बडबडतोय?" आईने विचारलं.

"माझ्याशी बोलतोय."

"मग समोर बसून बोलायला काय झालं?"

मी जिना उतरून गेटपाशी गेले. वर खिडकीत तो दिसत होता, आणि आवाज मात्र अगदी कानाशी. "ऐकू येत असेल तर हात वर करा."

मी केला.

"अजून थोडं लांब... बास. आता एक प्रश्न. उद्या माझ्याबरोबर फिरायला याल? रागावून आलात तरी चालेल. हो असेल तर — हात वर."

समोरच्या इस्त्रीवाल्या काकू माझ्याकडेच बघत होत्या. मी हात वर केला नाही.

"...रेंज संपली वाटतं," तो पुटपुटला. इतका पडलेला स्वर मी कुठल्याच पुस्तकात ऐकला नव्हता.

मी एकेक पायरी सोडून जिना चढले. हेडफोन गळ्यात अडकवून त्याच्यासमोर उभी राहिले.

"रेंज संपली नव्हती."

तो गोरामोरा झाला. "म्हणजे... नाही?"

"म्हणजे असल्या प्रश्नांना मी लांबून हात हलवून उत्तरं देत नाही. तोंडावर देते. हो."

"हेडफोनला की..."

"दोघांना."

आतून आईचा आवाज आला, "मला सगळं ऐकू येतंय हं!"

दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर त्याने विचारलं, "मागच्या गल्लीतून जाऊया? तिथे शांतता असते."

"नको," मी म्हटलं. त्याचा हात धरला, आणि भर संध्याकाळी, सगळी दुकानं उघडी असताना, ओळखीचे चेहरे दारादारांत उभे असताना, त्याला मोठ्या रस्त्याच्या अगदी मधून घेऊन गेले.