वळणानंतरची पावलं

सिनेमात नायिका जिना उतरते तेव्हा टक टक वाजतं ना, ते तिचं नसतं, माझं असतं. पडद्याकडे बघत माईकपुढे जागच्या जागी पावलं वाजवायची, हा माझा धंदा. मोठमोठ्या सुंदऱ्या माझ्या पायांवर चालल्यात आणि माझ्या टाचांना मात्र भेगा! असो. त्या दुपारचं काम साधंच होतं.

ती मुलगी तुम्हाला आठवत असेल. नटी व्हायचं म्हणून धडपडणारी, विशीतली. तालमीहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी नाल्याकाठी तिचं प्रेत सापडलं. वर्तमानपत्रांनी ते प्रकरण कित्येक महिने चघळलं. तिचा दिग्दर्शक, तालमीच्या हॉलचा मालक, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. तालमीनंतर ती गेली कुठे, हेच शेवटपर्यंत कळलं नाही. आता टीव्हीसाठी तिच्यावर माहितीपट होत होता आणि तिच्या शेवटच्या चालण्याला मी पावलं द्यायची होती.

तिची आई, मी त्यांना मावशी म्हणायचे, स्वतः तिच्या चपला घेऊन आल्या. थोरल्या मुलानं त्यांना वर आणून सोडलं आणि तो खाली गाडीत जाऊन बसला.

"जुन्या आहेत, पण तिच्याच वाजू देत," मावशी म्हणाल्या. "कुणी केलं तेवढं कळलं ना, की मी मरायला मोकळी."

मी चपला घातल्या, हेडफोन लावला, दिवा घालवला.

पडद्यावर तिची भूमिका करणारी मुलगी गल्लीतून चालत होती. मी पावलं देत गेले. वळणावर चित्र संपलं, पडदा काळा झाला. मी थांबायला हवं होतं.

पाय थांबेनात.

पायाखाली माझी नेहमीची लाकडी फळी, पण कानात खडी वाजत होती... मग ओली फरशी... मग पायऱ्या. गुडघ्याखालचे पाय जणू माझे नव्हतेच. मग पाय एकदम थांबले आणि हळूच, एकामागून एक, दोन्ही चपला निघाल्या. घरात शिरताना काढतो तशा.

आणि कानात दाराचा आवाज आला. तसलं दार माझ्या खोलीत नाही. ते दोनदा अडलं, कुणीतरी आतून वर उचललं, आणि मग कडी निघाली.

मी धडपडत दिवा लावला.

"काय गं? पांढरी पडलीस... मला ऐकव."

नाही म्हणायला हवं होतं. पण इतकी वर्षं झुरणाऱ्या आईला नाही कसं म्हणू? ऐकवलं. दार आलं तशी त्यांची मान हळूहळू खाली गेली.

"परत लाव..."

लावलं.

"मावशी, ओळखीचं आहे का हे दार?"

"आमचंच आहे." आवाज जेमतेम ऐकू येत होता. "आतून उचलल्याशिवाय उघडत नाही."

"त्या दिवशी घरी कोण होतं?"

"मी कामावर होते. थोरला म्हणाला होता... तो बाहेरगावी होता." त्यांनी त्या चपला उचलून पदरात घेतल्या. "तिचं सिनेमाचं वेड त्याला खपायचं नाही गं..."

जिन्यावर बूट वाजले. मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"पुसून टाक. मला एवढा एकच उरलाय."

तो दारातून डोकावला. "आई, झालं का? तुझी औषधाची वेळ झाली."

"झालं रे. चल."

त्याच्याच हाताला धरून त्या जिना उतरल्या. मला भडभडून आलं. वळणानंतरचं सगळं मी पुसलं, पुसलंय की नाही ते पुन्हा ऐकून पाहिलं, आणि उरलेलं माहितीपटाच्या दिग्दर्शकाला पाठवलं.

माहितीपट आज लागणार आहे. सकाळी मावशींचा फोन आला होता. थोरल्याचा हट्ट आहे म्हणे, दोघं मिळून बघू. त्यांनी फोन ठेवला आणि लगेच दिग्दर्शकाचा आला.

"पावलं उत्तम झालीत! आणि काळ्या पडद्यावर ते दार... अंगावर काटा आला. तसंच ठेवलंय."

"दार? मी पाठवलेलं नाही. काढा ते, तुमच्या पाया पडते."

"आता कसं काढणार? प्रत केव्हाच गेली चॅनेलकडे. बरं, दार उघडल्यावर 'आलीस? ये ना आत' म्हणतो, तो पुरुष कुठून आणलात? किती मायेनं बोललाय हो!"

तेव्हापासून मी मावशींना फोन लावतेय. कुणी घेत नाही.