सैल कॉलर

सलमाहचं शिवणयंत्र दुपारी बंद असायचं, पण त्या आठवड्यात ते बंद म्हणून झालं नाही. मलेशियातल्या जोहोर बाहरूच्या पुलापलीकडे, सिंगापूरच्या तुरुंगात तिच्या मुलाला, फैरूझला फाशी व्हायची होती. मोटरसायकलच्या सीटखाली हेरॉइनचं पुडकं सापडलं, वजन कायद्याच्या मर्यादेबाहेर भरलं, संपलं सगळं. पुडकं कुणाचं, हे त्या हट्टी पोराने शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता दयेचा अर्ज तेवढा उरला होता आणि सलमाहचा जीव त्यावरच टांगणीला लागला होता.

शेवटच्या आठवड्यात तिथे कैद्याचे घरच्या कपड्यांत फोटो काढतात आणि घरच्यांना देतात. फैरूझने ईदला घालतात तसा हिरवा सदरा मागितला होता. भेटीत मध्ये काच, माप घ्यायचं कसं? त्याने गळ्याभोवती बोटं फिरवून आईला बजावलं होतं, "माक, कॉलर सैल ठेव हं. तू शिवलेली नेहमी काचते."

तिने जीव ओतून सदरा शिवला. हिरवी बटणं कमी पडली म्हणून गळ्याशी एक काळं लावलं.

मुलगी नोराइनी कपड्यांची पिशवी तुरुंगात देऊन आली. संध्याकाळी बघते तर काय, सदरा यंत्रामागच्या खुंटीवरच! घाईत पोरीने भावाचा जुना पांढरा शर्ट भरला होता. सलमाह तिला नाही नाही ते बोलली, मग दोघी गळ्यात पडून रडल्या.

दुसऱ्या दिवशी फोटो मिळाले. फैरूझ हसत होता. अंगात हिरवा सदरा होता आणि गळ्याशी काळं बटण.

नोराइनी म्हणाली, कॉम्प्युटरवर रंग बदलला असेल. तिचं तिलाच पटलं नव्हतं.

घरी सदरा खुंटीवरच होता, पण काखेत ओला. सलमाहने तो नाकाशी धरला. पोराच्या घामाचा वास ती विसरली नव्हती. भीती वाटायच्या ऐवजी तिला वेडी आशा वाटली. सदरा इथे आहे म्हणजे पोरगाही इथेच आहे. तिने तो कपाटात ठेवून कुलूप घातलं.

अर्ज फेटाळला गेला.

गुरुवारी शेवटची भेट झाली. फैरूझ तुरुंगाच्या बिनकॉलरच्या कपड्यांत बसला होता आणि सारखं गळ्याशी बोट घालत होता.

"माक, काचतंय गं. सैल कर ना."

"करते राजा," ती म्हणाली. "घरी जाऊन करते."

शुक्रवारी पहाटे नमाज पढून तिने कपाट उघडलं. काळं बटण काजात अडकवलेलं होतं. तिने ते अडकवलं नव्हतं. काढू गेली तर निघेना, नखं तुटली तरी निघेना.

बाहेर उजाडत होतं. फाशी उजाडतानाच देतात, हे तिला ठाऊक होतं.

तिने कात्री घेतली आणि कॉलर अख्खी कापून काढली.

मग तुरुंगातून फोन आला.

दुपारी तिचा भाऊ इस्माईल मयताला आंघोळ घालून बाहेर आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, गळ्यावर साधा वळसुद्धा नाही."

सलमाहने मूठ उघडली. कापलेली कॉलर आत होती, बटण काजात तसंच अडकलेलं. पहाटे ती फैरूझच्या गळ्याच्या मापाची होती. आता तिच्यातून सलमाहचा अंगठाही जाईना.