फोडलेली जोडी

दोन जिवांची गाठ जन्माआधीच बांधलेली असते आणि ती सोडवायची ताकद त्रिभुवनात कुणाकडे नसते. फक्त मदरबोर्ड कोणत्या पिढीचा आहे, एवढं आधी विचारून घ्यावं लागतं.

जोडाऱ्याने ते विचारलं, म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

जोडारी म्हणजे मामांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात सुटे भाग जोडून मशीन उभं करणारा त्यांचा भाचा. तो काळच वेगळा होता. कॉम्प्युटर तयारही मिळत असे, पण तयार घेणाऱ्याकडे लोक जरा दयेनेच बघत. जाणता माणूस एकेक भाग निवडायचा, स्टुलावर बसून तो डोळ्यांदेखत जोडून घ्यायचा, आणि मशीन पहिल्यांदा सुरू झालं की घरात पाळणा हलल्यासारखा चेहरा करायचा. दुकानाला नव्या पुठ्ठ्याचा आणि तापलेल्या धुळीचा वास असे. दोन जीबीची मेमरी बसवली की लोक शेजारीपाजारी सांगत सुटत. आज दोन जीबी म्हटलं तर खिशातला फोनसुद्धा हसतो.

अशाच एका सुस्त दुपारी ती आली. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि हातात रुमालात गुंडाळलेली मेमरीची पट्टी.

"ही बसत नाही," ती म्हणाली. "माझ्या दादाने जोर लावून बघितला. मग मी लावला."

"मग?"

"मग बाबा बाह्या सरसावायला लागले, म्हणून घेऊन आले."

जोडाऱ्याने मदरबोर्ड कुठला ते विचारलं. तिने नंबर घडाघडा म्हणून दाखवला. त्याने पट्टी उजेडात धरली.

"ताई, ही आधीच्या पिढीची आहे. ही खाच बघा, नव्या पट्टीत केसभर सरकलेली असते. जगातले सगळे बाबा आले तरी नाही बसायची."

खाच बघायला ती वाकली आणि मान वर करून हसली. त्या क्षणी 'ताई' हा शब्द कसाही करून परत गिळता आला असता, तर जोडाऱ्याने तो पाण्याशिवाय गिळला असता.

"ताई म्हणालात," ती म्हणाली, "मग भावासारखा भाव लावा."

"मॅडम," तो घाईघाईने म्हणाला, "आमच्याकडे सगळ्यांना एकच भाव."

मागे मामांना जोरात ठसका लागला.

ती लग्नाचे अल्बम तयार करायची. तिचं जुनं मशीन म्हणे एक फोटो उघडला की थिजायचं. "नवरदेवाच्या गालावरचा डाग काढायला घेते, तो निघेपर्यंत त्या जोडप्याला मूल होतं." म्हणून तर घरच्यांनी नव्या मशीनचे भाग जमवायला घेतले होते.

आता यावर उपाय सरळ होता. सारख्या दोन पट्ट्या, एका रंगाच्या दोन खोबणींत. त्या एकाच पाकिटात जोडीने येत, आणि जोडी फोडायची नाही हा मामांच्या दुकानाचा नियम होता. बाकी नियम मामा स्वतःच मोडत, हा मात्र पाळत.

पण जोडी दिली की काम संपलं. ती रुमाल झटकेल, थँक्यू म्हणेल आणि जाईल... जोडाऱ्याने काउंटरखाली पाकीट फाडलं. एक पट्टी तिच्यापुढे ठेवली, दुसरी आपल्या खणात, पेचकसांच्या खाली.

"सध्या एक पुरे. दुसरी लागली तर... या."

"लागेल?"

"शक्यता नाकारता येत नाही," तो एखाद्या सरकारी प्रवक्त्यासारखा म्हणाला.

ती आली. पट्टीसाठी नाही, बाकी सगळ्यासाठी. कधी माउस अडला म्हणून, कधी पंखा गुरगुरतो म्हणून. एकदा तर अख्खं मशीन घेऊन आली आणि परत जाताना पावसाची सर कोसळली. छत्री एकच. दोघांनी ती मशीनवर धरली. कोपऱ्यावरच्या स्टॉपपर्यंत मशीन कोरडं ठणठणीत आणि ही दोघं चिंब.

"तुम्ही तरी छत्रीखाली या," ती म्हणाली.

"मला गंज चढत नाही."

"बघा हं... मला तर चढलेला दिसतोय."

यावर काय बोलावं ते त्याला चार दिवसांनी सुचलं. तोवर बस गेली होती.

आणि मग एक दिवस ती मशीन काखोटीला मारून दारात उभी राहिली.

"आता दुसरी पट्टी द्या. मोठ्या स्टुडिओचं काम मिळालंय, जाडजूड अल्बम, सगळं घरून करायचं. एवढं झालं की सुटलात तुम्ही. मी काही आता सारखी यायची नाही."

जोडाऱ्याने खण उघडला. पेचकस होते. पट्टी नव्हती.

"मामा... इथली पट्टी?"

"ती सुटी? सकाळी शाळेतले मास्तर घेऊन गेले," मामा टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले. "आपल्याकडे सुटी आली कुठून, याचंच मला नवल वाटलं."

नवं पाकीट फोडलं तर पहिल्या जोडीचा हिशेब द्यावा लागला असता, म्हणून त्याने दुरुस्तीला आलेल्या मशीनमधली दुसऱ्या कंपनीची काढून लावून पाहिली. मशीनने लांबलचक भोंगा वाजवला, म्हणजे ही जोडी त्याला मान्य नव्हती. तिसरी लावली, पुन्हा भोंगा. चौथीवर मशीन सुरू झालं आणि तो सुटकेचा श्वास सोडेपर्यंत बंद पडलं. रस्त्यावरचे दोघेतिघे डोकावून गेले.

"काय झालंय याला?" तिने विचारलं.

मदरबोर्ड नाजूक आहे म्हणता आलं असतं. कंपनीवर ढकलता आलं असतं. गिऱ्हाइकाला खपेल अशी डझनभर उत्तरं या धंद्यात तयार असतात, आणि त्यातलं कुठलंही देऊन तिच्या नजरेतून न उतरता निरोप घेता आला असता. त्याने पेचकस खाली ठेवला.

"याला काही झालेलं नाही. मी घोळ घातलाय. पट्ट्या जोडीने द्यायच्या होत्या. मी जोडी फोडली... तुम्ही परत यावं म्हणून."

मामांचा टीव्ही गप्प झाला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"पट्टीवर स्टिकर आहे. बारीक अक्षरात छापलंय, दोन नगांचा संच म्हणून. पहिल्याच दिवशी घरी जाऊन वाचलं. पापणीचा एक केस वाकडा असला तर मला दिसतो, हे दिसणार नाही?"

"मग बोलला का नाहीत? इतके दिवस मशीन रखडत असेल..."

"रखडायचं ना. रोज बसून शिव्या घालायचे तुम्हाला." ती थांबली. "सवय लागली मग."

"आणि आज म्हणालात की आता येणार नाही..."

"तसं म्हटल्याशिवाय तू तोंड उघडणार होतास?"

'तू' ऐकून जोडाऱ्याचे कान लाल झाले. त्याने नवं पाकीट आणलं, तिच्यासमोर उघडलं आणि दोन्ही पट्ट्या बसवल्या. खट्... खट्. मशीन शहाण्या मुलासारखं एकदाच टुण् करून सुरू झालं.

"आता मला इथे यायला काही निमित्त उरलं नाही," ती हळूच म्हणाली.

"मग मी येतो. तुमच्या... तुझ्या घरी. मशीन बघायला नाही. मला बघून घ्यायला सांग बाबांना."

उघड्या मशीनवरून तिने हात पुढे केला, त्याने तो धरला. आतला छोटा पंखा दोघांच्या मनगटांवर गार वारा घालत राहिला. कितीतरी वर्षांनी, नातेवाइकांच्या गर्दीत कुणी विचारलं की तुमचं कसं जमलं, तर दोघांना आधी तो वारा आठवायचा आणि मग शब्द.

मामा खुर्चीतून उठले. डोळे पुसल्यासारखं केलं, जवळ आले, दोघांकडे भरल्या नजरेने पाहिलं.

"जरा सरकता का रे?" ते म्हणाले. "तुमच्या मागे कीबोर्डचा खोका आहे."