रविवारची किल्ली

रत्नाकर बक्षीच्या नेपियर टाउनातल्या घरात रविवारी सकाळी दहा वाजता कोणी त्याला हाक मारायची नाही, असा शिरस्ता होता. त्या वेळी तो घड्याळांना किल्ली देत असे. अकरा घड्याळं, सगळी पितळी, वीतभर उंच, चारी बाजूंनी काचा आणि वर धरायला कडी. जुन्या काळी साहेबलोक घोडागाडीच्या प्रवासात ही सोबत नेत. एकदा किल्ली दिली की आठ दिवस चालतात. रत्नाकर कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेला, त्यामुळे प्रत्येकाचं पोट उघडून त्यानं स्वतःच्या हातानं साफ केलेलं. रविवारी कुठे तरी जाऊ या, असं म्हणणं त्याच्या बायकोनं, ज्योतीनं, कधीच सोडून दिलं होतं.

अकरा असूनही त्याला सुख नव्हतं, कारण बारावं चंद्रशेखरकडे होतं.

चंद्रशेखर म्हणजे टूलरूममधला त्याचा शेजारी, तीस वर्षं बाजूच्या लेथवर. ते घड्याळ घमापुरच्या भंगारवाल्याकडे आधी पाहिलं रत्नाकरनं. डायल काजळीनं काळी पडलेली, एक काच तडकलेली. घाई दाखवली की भंगारवाला भाव चढवतो, तेव्हा जेवून येऊन बघू, असं ठरवून हा शहाणा घरी गेला. परत आला तेव्हा चंद्रशेखर ते वर्तमानपत्रात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत ठेवत होता. साफ केल्यावर काजळीखालून निळी डायल निघाली, तिच्यावर सोनेरी वेल. आणि चाल अशी की आठवड्यात अर्धं मिनिट मागेपुढे नाही. रत्नाकरच्या पोटात त्या दिवशी जे दुखायला लागलं ते बावीस वर्षं थांबलं नाही. वर चंद्रशेखर चारचौघांत हसत म्हणायचा, "रत्नाकर, तू किल्ली देत नाहीस यार, पिळतोस."

मार्चमध्ये चंद्रशेखर सकाळचं फिरून आला, खुर्चीत बसला आणि तिथेच गेला. रत्नाकरनं खांदा दिला. खरं सांगायचं तर खांदा देतानाही त्याच्या मनात घड्याळच होतं.

तेरवी होऊन तीन दिवस झाले आणि तो अधारतालला चंद्रशेखरच्या बायकोकडे, सत्यभामावहिनींकडे गेला. घड्याळ टीव्हीशेजारी टिकटिकत होतं.

"वहिनी, कसं सांगू," तो म्हणाला. "शेखरनं हे मला देऊन ठेवलं होतं. तोंडी."

हे साफ खोटं होतं. वहिनींनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"न्या ना मग," त्या म्हणाल्या. "पण किल्ली नाही भाऊजी. यांच्या सदऱ्याच्या खिशातच राहिली. कोणाच्या ध्यानात नाही आलं, तशीच सोबत गेली."

रत्नाकरकडे किल्ल्यांचा डबाच होता, त्याला काय अडचण! सोळा दिवस किल्ली नसलेलं घड्याळ चालू कसं, हा प्रश्न एरवी पहिला त्यानंच विचारला असता. पण हातात ते आलं आणि त्याला काही सुचेना. ऑटोत त्यानं ते मांडीवर घेतलं आणि सगळा रस्ता एकटाच हसत राहिला.

पहिल्या रविवारी दहा वाजता त्यानं बाराव्याची मागची झडप उघडून किल्ली लावली. किल्ली फिरेना. स्प्रिंग गच्च भरलेली होती. वहिनींनी कोणाकडून तरी किल्ली देववली असेल, असं म्हणून त्यानं झडप लावली.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच.

"तू हात लावलास?" त्यानं ज्योतीला विचारलं.

"मी काहून लावू? तुमच्या घड्याळांना हात लावून बोलणी कोण खाईल?"

ती मेथी निवडत होती, मान वर न करता बोलली. रत्नाकरचा विश्वास बसला नाही. त्यानं मागच्या झडपेवर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर सही केली, तारीख घातली. आठवडाभर येता-जाता पट्टी तपासली. रविवारी ती जशीच्या तशी होती, सहीची रेघसुद्धा हललेली नव्हती. पट्टी फाडून त्यानं किल्ली लावली.

गच्च.

भीती वाटायला हवी होती. रत्नाकरला वाटला तो संताप. घड्याळ त्याच्या घरात, त्याच्या कपाटात, त्याच्या फडक्यानं पुसलेलं, आणि त्याला किल्ली द्यायचा मान दुसऱ्याचा! मेल्यावरही शेखर स्कूटर घेऊन अर्धा तास आधीच पोचत होता. चडफडत त्यानं जोडीचं अकरावं घड्याळ पुढे ओढलं.

तेही भरलेलं होतं.

मग दहावं पाहिलं. मग नववं. त्याच्या स्वतःच्या अकरांपैकी एकालाही किल्लीचा अर्धा वळसा बसेना. एरवी त्याची घड्याळं आपापल्या मर्जीनं दोन-चार मिनिटं इकडेतिकडे असत. आज बाराही एका ठोक्यात चालली होती आणि मोबाइलवरच्या वेळेशी तंतोतंत जुळत होती. इतकी सुरेख ती त्याच्या हातून कधी चालली नव्हती. हे त्याला स्वतःशीच कबूल करावं लागलं, आणि तेवढ्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

शनिवारी दुपारी त्यानं बाराव्याची स्प्रिंग पूर्ण मोकळी केली. टिकटिक थांबली. रविवारी नऊला ते वहिनींना परत करायला तो घराबाहेर पडला. आता येऊ दे त्याला, काय देतो किल्ली ते बघतो, असं पुटपुटत.

दहा वाजता तो वहिनींच्या बैठकीत, घड्याळ दोन्ही हातांत धरून बसला होता. दहा वाजून गेले. सव्वादहा झाले. घड्याळ मुकंच राहिलं. रत्नाकरनं ते वहिनींसमोर ठेवलं.

"हे परत घ्या वहिनी," तो म्हणाला. "खोटं बोललो मी. शेखरनं काही कबूल केलं नव्हतं."

"मला ठाऊक होतं," सत्यभामावहिनी म्हणाल्या. "यांनी ते पियूषसाठी ठेवलं होतं. आमच्या पोरासाठी."

"मग मला दिलंत काहून?"

वहिनींनी पदर सावरला. "हे गेल्यावर आठ दिवसांत ते बंद पडायला हवं होतं. नाही पडलं. दोन रविवार मी डोळ्यांनी पाह्यलं, भाऊजी. खोलीत कोणी नाही अन् कटकट कटकट आवाज. पियूषकडे लहान लेकरू आहे, त्याच्या घरी कसं पाठवू? मी घाबरून राहिली होती. अन् तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. बावीस वर्षं पाहून राहिली होती मी तुमची नजर. म्हटलं, ज्याला हवं आहे त्याला जाऊ दे."

"ते बंद पडलंय आता. बघा ना."

"चांगलं झालं. तुमच्याकडेच राहू द्या," त्या म्हणाल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

अपमानच होता तो. पण परतताना रत्नाकरला राग येईना. घड्याळ मांडीवर गप्प होतं. शेखर आला नव्हता. बावीस वर्षांत पहिल्यांदा रत्नाकर जिंकला होता. नेपियर टाउनात ऑटो थांबेपर्यंत त्यानं ठरवूनही टाकलं, की आता हळूहळू, स्वतःच्या हातानं याला किल्ली द्यायची.

ज्योतीनं दार उघडलं. तिच्या केसांत मोगरा होता.

"अगबाई, तुम्ही बाहेर कधी गेलात?" ती म्हणाली. "मी कप धुवायला आत गेली तेवढ्यात?"

"नऊलाच गेलो."

"काहीतरीच! दहाला तर घड्याळांपाशी होते तुम्ही. मला हाक मारली. म्हणालात, ज्योती, ये, बस जरा."

रत्नाकर तिच्या मागून आत गेला. कपाटासमोर नेहमी एकच खुर्ची असे. आज तिथे दोन होत्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"आणि तू बसलीस?"

"बसली ना. इतक्या वर्षांत कोणी बस म्हटलंय?" ती लाजली. एकोणसाठाव्या वर्षी ज्योती लाजली, आणि रत्नाकरला आठवेना की तिला असं लाजताना त्यानं शेवटचं कधी पाहिलं होतं. "हात तेवढे गार होते तुमचे. बीपीची गोळी घेतली नाही का?"

तो मी नव्हतो, हे तिला सांगायला हवं होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याच्या मनात भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी पेटलं.

"काय म्हणालो मी?" त्यानं विचारलं.

"आता काहून विचारता? पुढच्या रविवारी भेडाघाटला जाऊ म्हणालात. दोघंच. नावेतून."

आतल्या पलंगावर तिनं भेडाघाटला नेसायची साडी आत्ताच काढून ठेवली होती.