ठोकून घेतलेली गिटार

दे तो फोन इकडे. बघू दे. हं... फुगीर पोट, दोन्ही बाजूंना व्हायोलिनसारख्या भेगा. आर्चटॉप गिटारच आहे. जॅझ वाजवायचं तर हीच घ्यावी, त्यात तुझं काही चुकलं नाही. आणि परवडतेय म्हणतोस? मग जा की उद्या, बघून ये. पण आधी मला सांग, आत तुझी आई मघापासून हाका मारतेय, ते ऐकू येतंय का? 'आलो' म्हणायला तोंड आहे, उठायला पाय नाहीत? काय म्हणालास? "मामा, तिचं नेहमीचंच असतं"?

बस मग. तू पण बस गं त्याच्याशेजारी. झोपायची घाई नाही कुणाला. हेच शब्द आधी एकदा माझ्या कानावर आलेत, आणि तेव्हापासून कुणी ते तोंडातून काढले की माझं टाळकं सटकतं. का, ते सांगतो. खरं-खोटं करायचं असेल तर ज्याच्या बाबतीत घडलं तो माणूस अजून आहे, जाऊन विचारा त्याला.

मी बँडमध्ये डबल बास, तो माणसाएवढा उभा व्हायोलिन, वाजवायचो तेव्हाची गोष्ट. आमच्या गिटारवाल्याला सगळे फटाका म्हणायचे. कारण विचारायची गरज पडायची नाही, दोन मिनिटं त्याच्याशेजारी उभं राहिलं की कळायचं. शनिवारी रात्री आम्ही एका हॉटेलात वाजवायचो. फटाक्याकडे साधी, गोल भोकाची गिटार. ट्रंपेटवाल्याने फुंक मारली की ही गेली वाहून. एकदा हॉटेलचा मालक सगळ्यांदेखत म्हणाला, "हा तुमचा माणूस वाजवतो, का नुसता हात हलवतो?" झालं. फटाक्याने ताल अर्धा टाकून त्याची गचांडी धरली. मी मध्ये पडलो म्हणून पुढचा शनिवार आम्हाला मिळाला.

तेव्हापासून त्याने आर्चटॉपचा ध्यास घेतला. पण सलग लाकूड कोरून केलेली असते ती आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर. आवाक्यातली असते ती प्लायवूड दाबून फुगवलेली. प्लायवूड वाईट नाही रे, स्पीकरला जोडून वाजवणार असशील तर उलट बरीच. पण मग प्लायवूड म्हणून तरी विकावं ना! तेच प्लायवूड कोरीव म्हणून गळ्यात मारणारे हरामखोर मी इतके पाहिलेत, की आजही गिटारच्या दुकानात शिरलो की हात शिवशिवतात. म्हणून आम्ही ठोकून बघायचो. तारा एका हाताने दाबून धरायच्या, आणि दुसऱ्या हाताच्या पेराने पोटावर हलकंच ठोकायचं. सलग लाकूड असेल तर उत्तर देतं. प्लायवूड 'टक' म्हणतं आणि गप्प बसतं.

एक दिवस फटाक्याला एक जाहिरात दिसली. चष्म्याच्या दुकानाचा मालक आपली आर्चटॉप विकणार होता. संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. दुकान कोपऱ्यावरचं, वर त्याची खोली, तिथे नेलं त्याने आम्हाला. चष्मेवाला सभ्य माणूस, हळू बोलणारा. त्याने गिटार पेटीतून काढून फटाक्याच्या मांडीवर ठेवली आणि लांब जाऊन उभा राहिला. फटाक्याने मान डोळ्यापुढे धरून सरळ आहे का ते बघितलं, तारांखालची घोडी जागेवर आहे ना ते बघितलं, आणि पेराने पोटावर ठोकलं.

काय उत्तर दिलं त्या लाकडाने! भरदार, गोल. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो.

आणि मग भिंतीतून आवाज आला. धप्.

"शेजारी काम चाललंय," चष्मेवाला म्हणाला. फार पटकन म्हणाला. आणि किंमत सांगितली ती प्लायवूडची. फटाका घासाघीस करायला तोंड उघडतोय तर म्हणाला, "त्याहून कमी द्या हवं तर." गिटार स्वतः जिन्यापर्यंत आणून दिली. खाली उतरल्यावर मी सहज वर बघितलं. त्या भिंतीला शेजारच नव्हता. पलीकडे नुसता रस्ता.

मी बोललो फटाक्याला. तो म्हणाला, "तू बास वाजव."

आता फटाक्याच्या घरचं ऐका. घरात तो आणि त्याचे वडील, दोघंच. वडील कारखान्यात टर्नर होते. पोराला आपल्याच लेथवर उभं करायचं त्यांचं स्वप्न, आणि पोराने दुसऱ्याच वर्षी कारखान्याला रामराम ठोकून गिटार धरली. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. वडिलांचा एक पाय अधू झालेला, म्हणून हातात काठी. काठीच्या टोकाला त्यांनी स्वतः लेथवर काढलेली लोखंडी टोपी. दोघांच्या खोल्यांमध्ये एक भिंत. रात्री पोरगा वाजवायला बसला की पलीकडून भिंतीवर काठी बसायची. ठक्क! ठक्क! लोखंडाचा आवाज, कानात जाणारा. हे वर्षानुवर्षं चाललेलं.

नवी गिटार आणली त्या रात्री फटाक्याने चार सूर लावले, तोच आवाज. धप्. धप्.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात. "बाबा, झोपा ना आता!" पुन्हा वाजवलं, पुन्हा धप्. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तो वडिलांच्या खोलीत घुसला आणि नाही नाही ते बोलला. म्हातारा अंथरुणात उठून बसला. म्हणाला, "मी नाही ठोकलं."

"मग काय भुताने ठोकलं?"

"मी ऐकत पडलो होतो," म्हातारा म्हणाला. "ही गिटार बरी वाजते. ठोकायला कशाला पाहिजे?"

जन्मात पहिल्यांदा बापाने बरं म्हटलं, आणि ह्या शहाण्याला वाटलं टोमणा मारला! त्याने पलंगाला टेकवलेली काठी उचलली, आपल्या खोलीत नेली, कपाटात घातली आणि कुलूप लावलं. वडिलांची काठी. अधू पायाच्या माणसाची.

अरे, माझ्या बासची एक तार केसभर उतरली तर भर वाजवताना माझ्याकडे डोळे वटारणारा माणूस हा. त्याला लोखंडाचं 'ठक्क' आणि हे 'धप्' ह्यातला फरक कळू नये? कळला नाही. राग कानात बोळे घालतो. मी त्याला हे तोंडावर सांगितलंय, म्हणून तुम्हालाही सांगतो.

म्हातारा पण तसलाच. काठी परत मागितली नाही. दिवसभर भिंतीला धरधरून चालला.

त्या रात्री फटाका मुद्दाम वाजवायला बसला. म्हटलं, आता ठोका कशाने ठोकता ते. एक सूर...

धप्.

तो उठला. वडिलांच्या खोलीचं दार हळूच ढकललं. म्हातारा उताणा झोपलेला. दोन्ही हात छातीवर. तोंड उघडं, घोरणं चालू. आणि मागे, फटाक्याच्या रिकाम्या खोलीत, एकदा... धप्.

दुसऱ्या दिवशी तो गिटार घेऊन चष्म्याच्या दुकानात गेला. पेटी काउंटरवर आपटली. "काय विकलंत मला?"

चष्मेवाला एक काच पुसत होता. पुसत राहिला. "पैसे परत देतो. ठेवून जा."

"पैसे नकोत. कोण ठोकतं ते सांगा."

आणि तो हळू बोलणारा माणूस असा ओरडला, की दुकानातलं गिऱ्हाईक चष्मा न घेताच बाहेर पडलं. "माझा बाप ठोकतो! मी शाळेत होतो तेव्हापासून ठोकतो. मी सूर लावला की भिंतीवर काठी. ऐकवेना, तेव्हा मीच त्यांच्या काठीला रबर बसवलं. दाराला लावतात ते, काळं, जाड. म्हटलं आता ठोका हवं तेवढं. त्या रात्री पण ठोकलं त्यांनी. खूप ठोकलं. मला वाटलं, आज फारच चिडलेत. मग मी पण जोरात वाजवलं. चिडून वाजवलं." त्याचा श्वास लागला होता. "त्यांचं नेहमीचंच असायचं हो! त्या रात्रीचं ठोकणं वेगळं होतं, हे मला कसं कळणार? सांगा ना. तुम्हाला कळलं असतं?"

फटाक्याने विचारलं, "मग?"

"मग काय? सकाळी दार उघडलं. जमिनीवर पडले होते. भिंतीला लागून."

फटाक्याने पेटी उचलली आणि निघाला. परत का आणली, ते त्याला आजही सांगता येत नाही. कुणावर चिडावं तेच कळेना म्हणून सगळ्या जगावर चिडून तो गावभर पाय तुडवत फिरला. घरी आला तर वडिलांच्या खोलीतला दिवा बंद. काठी द्यायला हवी, हे डोक्यात होतं. पण म्हणाला, सकाळी देऊ. माफी मागायचीच तर उजेडात मागू. पेटी बंद करून भिंतीला टेकवली आणि आडवा झाला.

डिसेंबरातला तिसरा गुरुवार होता. रात्रीचे पावणेदोन.

धप्.

त्याने डोळे उघडले.

धप्.

आजवर वाजवल्याशिवाय कधी ठोकलं नव्हतं. आज गिटार पेटीत. पेटीला कड्या. हात कुणाचा लागलेला नाही.

"आता काय झालं?" तो अंधारात ओरडला. "वाजवत नाहीये मी!"

शांत.

मग पुन्हा. पण आता पेटीपाशी नाही. भिंतीत. वडिलांच्या खोलीच्या भिंतीत... आणि खाली. अगदी खाली, जमिनीलगत.

धप्... धप्... धप्...

काय रे? कुठे चाललास? आईकडे? जा. जाऊन ये. आम्ही थांबतो.

...आलास? काय म्हणाली? पाणी हवं होतं. दिलंस ना? बस.

तर फटाक्याची बोबडी वळली. मला म्हणाला, वडिलांच्या खोलीकडे जायचं सोडून घराबाहेर पळावं असं वाटत होतं. पण भ्याला की जास्तच चिडणारा माणूस तो. हातात काहीतरी हवं म्हणून कपाटाचं कुलूप काढलं. वडिलांची काठी बाहेर घेतली. लोखंडी टोपी पुढे धरली. म्हणाला, येऊ दे समोर, डोकंच फोडतो.

दारापाशी गेला. आतून ठोकणं चालूच.

घाई आली होती त्या ठोकण्याला. आवाज आता नुसता चिडका नव्हता. कुणीतरी... विनवत होतं.

दार ढकललं. अंधार. धप् धप् धप् धप्...

बटण दाबलं.

थांबलं.

पलंग रिकामा. पलंग आणि भिंतीच्या सांदीत म्हातारा पडलेला. तोंड वाकडं झालेलं. एक हात लुळा, दुसरा अंगाखाली दबलेला. डोळे उघडे. डोळे पोराकडे. बोलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं, ठोकायला... काय होतं त्याच्याजवळ? काठी तर पोराच्या हातात होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं, अर्धा-पाऊण तास उशीर झाला असता तर हाताला काही लागलं नसतं. पहाटे मी तिथे पोचलो तेव्हा फटाका बाकावर बसला होता, काठी अजून हातात, आणि स्वतःला शिव्या घालत होता. इतक्या घाण शिव्या मी त्याच्याही तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या. मी ऐकत बसलो. म्हटलं, घालू दे. कमीच आहेत.

म्हातारा वाचला. बोलणं अडखळतं, पण पोरावर खेकसण्याइतकं येतं. काठी हातात असते. गिटारही त्याच घरात आहे, आता वाजवलं तरी ते धप् ऐकू येत नाही. तुला उद्या जायचं तर खुशाल जा. पेराने ठोकून बघ. फक्त ठोकलंस की लगेच हसू नकोस. जरा थांब. ऐक.

एकच राहिलं. वडिलांना घरी आणायचं म्हणून फटाक्याने खोली झाडायला काढली, मी मदतीला होतो. आम्ही पलंग ओढला. सांदीतल्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीच्या आत, काळे गोल डाग. एकावर एक, दाटीने. लोखंडी टोपीने चुन्याला खड्डा पडतो. हे खड्डे नव्हते. रबर घासल्यावर पडतात तसले डाग. फटाक्याने बोट फिरवलं तर बोट काळं झालं.

त्याने चष्मेवाल्याला डागांचं सांगून बोलावून घेतलं. तो आला, बघितलं, आणि तिथेच जमिनीवर बसला. खिशातून दाराला लावायचं एक रबर काढलं. म्हणाला, जोडीने घेतलं होतं, एक काठीला लावलं, हे उरलेलं. डागाजवळ नेलं आणि मागे घेतलं. फटाक्याने त्याचा हात धरून टेकवलं. तंतोतंत बसलं.

चष्मेवाल्याने रबर परत खिशात घातलं.

मग चष्मेवाल्याने विचारलं, "किती वेळ ठोकत होते?"

फटाका म्हणाला, "मी येईपर्यंत."

नंतर घर रंगवायला काढलं तेव्हा म्हाताऱ्याने तेवढी भिंत रंगवू दिली नाही. काळे डाग आहेत अजून. पलंग सरकवला की दिसतात.